माझं पत्र मी वाचीन

(कार्यकर्त्यांच्या निवासी शिबिरात 'अपंग स्त्रिया आणि आपली चळवळ' या सत्रात केलेलं भाषण. बोलण्याचा सूर शक्यतो तसाच ठेवला आहे.)



शिबिराचं बोलावणं आलं तेव्हा मला सांगण्यात आलं, "ताई, तुम्ही मोबाईल कसा वापरता ते दाखवा. आमच्या बायांना मोठं नवल वाटेल." ते नवल मी दाखवीन. पाच मिनिटांचं काम आहे. पण मला खरं बोलायचं आहे ते वेगळ्याच गोष्टीबद्दल. माझं पत्र कोण वाचतं, याबद्दल.

मी १९९३ पासून २०२१ पर्यंत एका सरकारी कचेरीत टेलिफोन ऑपरेटर होते. अंध माणसासाठी समाजानं ज्या चार नोकऱ्या ठरवून ठेवल्या होत्या, खुर्च्या विणणं, गाणं शिकवणं वगैरे, त्यांतली ही बरी म्हणायची. दीडशे एक्स्टेन्शन नंबर मला तोंडपाठ होते. दिवसभर मी लोकांना एकमेकांशी जोडून द्यायची. पण संध्याकाळी घरी माझ्या नावाचं पत्र आलेलं असलं, की ते हातात धरून मला कोणाच्या तरी दारात जावं लागायचं. कधी शेजारीण, कधी भाऊ, कधी कचेरीतला शिपाई. सगळी माणसं चांगली होती, बरं का. प्रश्न त्यांच्या चांगुलपणाचा नाही. भाऊ पत्र वाचता वाचता मधेच थांबायचा, दोन ओळी मनात वाचायचा आणि म्हणायचा, "हे काही तुझ्या कामाचं नाही." पत्र माझं, आणि त्यातलं माझ्या कामाचं काय ते ठरवणार तो.

हे तुम्हाला समजावून सांगायची गरज नाही. आपल्या पणज्यांची पत्रंही दुसरंच कोणी तरी वाचायचं. १८४८ साली पुण्यात मुलींची शाळा निघाली, तेव्हा बाई लिहायला शिकली तर वाटेल त्याला पत्रं लिहील, अशी भीती लोक उघड बोलून दाखवायचे. भीती खरी होती. लिहिणाऱ्या-वाचणाऱ्या बाईच्या मधे कोणी उरत नाही. आम्हा अंध बायांच्या मधे मात्र कोणी तरी कायम उरलं. आम्ही शिकलो, ब्रेलमध्ये पुस्तकं वाचली, पदव्या घेतल्या, तरी उरलं. कारण जग शाईत लिहीत होतं.

एक गोष्ट सांगते. वसतिगृहात माझ्या शेजारच्या कॉटवर माझी एक मैत्रीण होती. सुट्टीत आम्ही एकमेकींना ब्रेलमध्ये पत्रं लिहायचो. ब्रेल टपालाला तिकीट लागत नाही, त्यामुळे हात आखडता घ्यायचं कारण नव्हतं. जाड कागदावर टोचून टोचून दहा-दहा पानं. त्या पत्रांत आम्ही जे लिहिलं ते जगात कोणाला वाचता येणार नाही, याची खात्री होती. १९९६ साली तिचं लग्न झालं. नवरा डोळस, बिजवर. सासरी जाताना ट्रंकेत तिनं ब्रेलची पाटी नेली होती. पाच-सहा महिने पत्रं आली आणि मग ब्रेल थांबलं. शाईची पत्रं येऊ लागली. शिपाई म्हणाला, "अक्षर छान आहे, बाईमाणसाचं दिसतंय." नणंदेचं होतं. "मी सुखात आहे. घरचे सगळे प्रेमळ आहेत. काळजी नसावी." दर पत्रात हेच.

म्हणजे बघा. तिचं बोलणं लिहिणार नणंद, आणि ते मला वाचून दाखवणार शिपाई. दोन अंध बायकांच्या पत्राला दोन डोळस मध्यस्थ. त्यातून खरं काय पोचणार? मी मात्र विश्वास ठेवला. मला ते सोयीचंही होतं, हे आज कबूल करते.

मग २०१४ साली एका रात्री माझ्या मोबाईलवर अनोळखी नंबरावरून मेसेज आला. मराठीच, पण इंग्रजी अक्षरांत लिहिलेलं. माझा फोन ते एखाद्या साहेबासारखं वाचत होता. तीनदा ऐकलं तेव्हा कळलं. "मी लिहितेय. मीच. जवळ कोणी नाही." थोड्या वेळानं दुसरा आला. "ती पत्रं माझी नव्हती."

तिच्या भाच्यानं आपला जुना फोन तिला दिला होता आणि त्यातलं बोलणं सुरू करून दिलं होतं. अठरा वर्षांनी माझ्या मैत्रिणीचं पहिलं खरं पत्र मला मिळालं, आणि ते मी एकटीनं वाचलं. पुढं काय झालं ते तिचं तिनं सांगायचं आहे. ती आज वेगळी राहते, एवढंच तुम्हाला सांगायची परवानगी तिनं दिली आहे. मी ती मेसेजनं मागितली, आणि मेसेजनंच ती आली.

आता हे फोनचं बोलणं म्हणजे काय, ते दाखवते. हा माझा फोन. साधा, काचेचा, तुमच्यासारखाच. काचेवर बोट फिरवलं की बोटाखाली काय आहे ते तो बोलतो. हवं ते सापडलं की कुठंही दोनदा टकटक करायची, म्हणजे ते उघडतं. बोट उजवीकडे सरकवलं की पुढची गोष्ट, डावीकडे सरकवलं की मागची. मेसेज आला की वाचतो. मी लिहिताना प्रत्येक अक्षर बोलतो. एका कानात इअरफोन घातला की तो काय बोलतो ते फक्त मला ऐकू येतं. आणि ही स्क्रीन काळी करून ठेवायचीही सोय आहे. मागं उभं राहून कोणी डोकावलं तर त्याला काही दिसत नाही, मी मात्र वाचत असते. आयुष्यात पहिल्यांदाच अशी एक जागा मिळाली, जिथं मला समजतं आणि डोळसाला समजत नाही!

हे काही एका दिवसात आलेलं नाही. बटणांचे मोबाईल आले तेव्हा पाचाच्या आकड्यावरचा उंचवटा चाचपून नंबर लावता यायचा. पण फोन कोणाचा आला ते कळायचं नाही, मेसेज वाचता यायचा नाही. २००० नंतरच्या काही वर्षांत नोकियाच्या काही फोनांवर चालणारी 'टॉक्स' आणि 'मोबाईल स्पीक' ही सॉफ्टवेअर आली. ती फोनवरचं सगळं वाचून दाखवायची. पण त्यांना वेगळे हजारो रुपये पडायचे. फोन एकदा विकत घ्यायचा आणि त्याचा आवाज पुन्हा विकत घ्यायचा. मग काचेचे फोन आले. मला वाटलं, संपलं आपलं. गुळगुळीत काचेवर चाचपणार काय? पण २००९ साली ॲपलनं आयफोनमध्ये 'व्हॉइसओव्हर' फोनसोबतच दिलं, वेगळे पैसे न घेता. त्याच वर्षी अँड्रॉइडमध्ये 'टॉकबॅक' आलं. त्यावर काम करणाऱ्यांत टी. व्ही. रामन होते. हे पुण्यात वाढले, वाडिया कॉलेजात आणि मुंबईच्या आयआयटीत शिकले. चौदाव्या वर्षी त्यांची दृष्टी गेली होती. ज्याला गरज होती तो तिथं काम करत होता, हे लक्षात ठेवा. डोळसांनी दयेपोटी केलेली ही गोष्ट नाही.

तुमच्यापैकी ज्यांच्याकडे अँड्रॉइड फोन आहे, त्यांतल्या बहुतेकींच्या फोनात हे आत्ताही आहे. सेटिंग्जमध्ये ॲक्सेसिबिलिटी, त्यात टॉकबॅक. आज मराठी आवाजही मिळतो. आधी बरीच वर्षं माझा फोन मराठी मजकूर हिंदीच्या आवाजात वाचायचा, आणि माझ्या आईचा मेसेज मला परक्या बाईसारखा ऐकू यायचा.

या फोनानं आणखी काय दिलं? पैसे ओळखता आले. नव्या नोटांतली शंभराची, दोनशेची आणि पाचशेची, तिन्हींची रुंदी एकच, ६६ मिलिमीटर. लांबीत फरक चार-चार मिलिमीटरचा. भाजीवालीपुढं गर्दीत उभं राहून चार मिलिमीटर मोजा बघू! रिझर्व्ह बँकेनं जानेवारी २०२० मध्ये 'मनी' नावाचं ॲप काढलं. फोनपुढं नोट धरली की ती कितीची ते तो सांगतो, इंटरनेट लागत नाही. मग २०१५ साली डेन्मार्कमध्ये सुरू झालेलं 'बी माय आईज' आहे. त्यावर व्हिडिओ कॉल केला की कोणी तरी डोळस माणूस तुमच्या कॅमेऱ्यातून बघून सांगतो. एका तरुण मुलीनं मला सांगितलं, तिनं गर्भ राहिला की नाही ते तपासायची पट्टी त्यावर एका अनोळखी माणसाला दाखवली. किती रेषा दिसतात, एवढंच विचारलं. मी म्हटलं, "अगं, परक्या माणसाला?" ती म्हणाली, "ताई, परका होता म्हणूनच. घरात कोणाला दाखवलं असतं तर माझ्या आधी सासूला कळलं असतं." मला उत्तर सुचलं नाही. पण एवढं नक्की, की ही बातमी आधी तिची तिला कळायला हवी होती. परका नको आणि सासूही नको. त्या पट्टीनंच बोलायला हवं.

आता दुसरी बाजू. फोन बोलतो म्हणजे सगळं बोलतो असं नाही. ॲपवरच्या प्रत्येक बटणाला, ते बनवणाऱ्यानं मागच्या बाजूनं नाव लिहून ठेवायचं असतं. डोळसाला ते दिसत नाही, आमचा फोन तेच वाचतो. नाव लिहिलं नसेल तर फोन म्हणतो, "अनलेबल्ड बटन." एकाखाली एक पाच बटणं, पाचही अनलेबल्ड. त्यातलं 'पैसे पाठवा' कुठलं आणि 'रद्द करा' कुठलं?

माझ्या बाबतीत घडलेलं सांगते. एका बँकेचं ॲप मी तीन वर्षं स्वतः वापरत होते. एक दिवस ते अपडेट झालं आणि बटणांची नावं गेली. शाखेत गेले तर तिथला माणूस अतिशय नम्रपणे म्हणाला, "मॅडम, घरातल्या कोणाला तरी सोबत घेऊन वापरा ना." वीज बिलाची शेवटची तारीख होती. शेजारच्या मुलाला बोलावलं, पिन सांगितला. त्यानं बिल भरलं. दुसऱ्या दिवशी त्याची आई माझ्याकडं पाच हजार उसने मागायला आली. माझ्या खात्यात किती आहेत ते तिला कळलं होतं. तुम्ही हसताय, मीही हसले. पण जिच्या खात्यात संजय गांधी निराधार योजनेचे पैसे येतात आणि जिचा पिन नवऱ्याकडं आहे, तिनं काय करायचं? एका प्रोग्रामरनं एक ओळ लिहिली नाही, आणि बाईचे पैसे पुन्हा घरच्या पुरुषाच्या हातात गेले.

म्हणून मी म्हणते, हा यंत्राचा प्रश्न नाही, हक्काचा आहे. अपंगांच्या हक्कांच्या आंतरराष्ट्रीय कराराला भारतानं २००७ साली मान्यता दिली. त्यात अपंग स्त्रियांसाठी वेगळं कलम आहे, खाजगीपणाचंही आहे. आपला २०१६ चा कायदा ४२व्या कलमात म्हणतो, की रोजच्या वापराची इलेक्ट्रॉनिक उपकरणं सगळ्यांना वापरता येतील अशा रचनेची मिळावीत, याची काळजी सरकारनं घ्यावी. कागदोपत्री आम्ही अपंगाचे दिव्यांग झालो. नाव बदललं, बटणाला मात्र नाव मिळालं नाही.

३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयानं एक निकाल दिला. तो आपल्या सगळ्यांच्या कामाचा आहे. बँकेत खातं काढताना, सिम कार्ड घेताना, कॅमेऱ्यापुढं डोळे मिचकावून आपण जिवंत माणूस आहोत हे दाखवावं लागतं. ज्यांच्या चेहऱ्यावर ॲसिड टाकलं गेलं, ज्यांच्या पापण्याच उरल्या नाहीत, त्यांनी कसं मिचकवायचं? अशा बाया न्यायालयात गेल्या. एक अंध वकीलही वेगळी याचिका घेऊन गेले. न्यायालयानं दोन्हींचा एकत्र निकाल दिला. डिजिटल सेवा वापरता येणं हा संविधानाच्या २१व्या कलमातल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, असं सांगितलं आणि डोळे मिचकावण्याला पर्याय ठेवायला सांगितलं. ॲसिड टाकलं जातं तो आपला प्रश्न आणि बटण बोलत नाही तो अपंगांच्या संघटनेचा, अशी वाटणी आपण करत आलो. त्या दोन्ही याचिका एकाच निकालात आल्या, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

कोणी म्हणेल, प्रत्येक फोन बोलता करणं कसं जमायचं? जमतं. २०१६ साली सरकारनं नियम काढला, की १ जानेवारी २०१७ पासून पॅनिक बटन नसलेला मोबाईल देशात विकायचा नाही. साध्या फोनात पाच किंवा नऊचं बटण दाबून धरायचं, स्मार्टफोनात पॉवरचं बटण तीनदा दाबायचं. स्वस्तातल्या स्वस्त फोनातही हे करायला लावलं. स्त्रियांच्या सुरक्षिततेसाठी नियम होऊ शकतो, तर बाजारातला सर्वांत स्वस्त, बटणांचा फोनसुद्धा मराठीत बोलला पाहिजे, असाही होऊ शकतो. ही मागणी आपण मिळून करायला हवी. कारण महागडा फोन बोलून उपयोग नाही, तो आमच्या बायांच्या हातात येतच नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या बायांपैकी ५४ टक्क्यांनीच सांगितलं, की स्वतः वापरते असा मोबाईल माझ्याकडे आहे. डोळस बाईची ही गत. २०११ च्या जनगणनेत पाहण्याचं अपंगत्व असलेल्या सुमारे २४ लाख स्त्रिया नोंदलेल्या आहेत. त्यांच्या घरी फोन आला तर आधी कोणाच्या हातात जातो, ते तुम्हाला ठाऊक आहे. "तुला काय करायचाय? तुला कुठं दिसतंय?"

शेवटी थोडं आपल्या घरातलं बोलते. राग मानू नका.

या शिबिराची पत्रिका मला व्हॉट्सॲपवर आली. सुंदर रंगीत असेल. माझा फोन म्हणाला, "फोटो." बस. तारीख, ठिकाण, वेळ, काही नाही. मला ती शेजारच्या त्याच मुलाकडून वाचून घ्यावी लागली. 'हिंसेविरुद्ध बोला' असं पोस्टर तुम्ही पाठवता, त्यावर हेल्पलाईनचा नंबर असतो, आणि जिला तो हवा आहे ती अंध असेल तर तो नंबर तिनं नवऱ्याकडून वाचून घ्यायचा? १८१ हा नंबर कितीतरी अंध बायांना माहीत नाही, कारण तो कायम भिंतीवर किंवा चित्रात लिहिलेला असतो. कोणी तोंडानं सांगतच नाही. आपलं हे त्रैमासिकही मला पीडीएफमध्ये येतं. पण ते युनिकोडच्या आधीच्या जुन्या फॉन्टमध्ये जुळवलेलं असतं. डोळ्याला ते मराठी दिसतं, फोनला मात्र नुसती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं ऐकू येतात. गेली कितीतरी वर्षं मी या अंकाची वर्गणी भरते आहे आणि एकही अंक मी स्वतः वाचलेला नाही.

तर माझ्या मागण्या साध्या आहेत. पोस्टर पाठवा, पण खाली तोच मजकूर टाईप करून पाठवा. अंक युनिकोडमध्ये काढा. गावोगावच्या शिबिरांत तासभर काढून बायांना फोनमधलं टॉकबॅक सुरू करायला शिकवा. म्हातारपणी दिसेनासं झालेल्या आज्याही त्यात येतील. अंध बाई केंद्रावर आली तर सोबत आलेल्याला बाहेर बसवा आणि तिच्याशी बोला. तिचा नंबर विचारा, तो तिच्या नावावर आहे का विचारा, आणि मेसेज केला तर तो आधी कोण ऐकतं तेही विचारा. काही घरांत फोनचा आवाज मुद्दाम मोठा ठेवायला लावतात. तिथं इअरफोनची एक जोडी ही मोठी मदत ठरते.

आणि हे भाषण छापणार असाल, तर मला अंकाचा कागद नको. मजकूर युनिकोडमध्ये माझ्या फोनवर पाठवा. मी बोलले ते तुम्ही नीट छापलंत की मधल्या दोन ओळी गाळल्यात, ते माझं मला वाचून बघायचं आहे.